लाल पट्ट्याचं सॉकेट

पांढऱ्या शर्टाच्या उजव्या बाहीला इस्त्री झाली होती, डावी तशीच चुरगळलेली टेबलाच्या कडेवरून लोंबत होती, आणि मास्तरीणबाई गरम इस्त्री हातात धरून नुसत्या उभ्या होत्या. पाच वाजता धाकटे भाऊजी दुकानाची किल्ली न्यायला येणार होते. मास्तर ती स्वतःच्या हाताने देणार होते, तीही पांढरा शर्ट घालून. एकेचाळीस वर्षांचं काम माणसाने मळक्या कपड्यांत सोडू नये, असं त्यांचं म्हणणं. घड्याळात साडेतीन होऊन गेले होते. म्हणजे खरं बोलायला दीड तास उरला होता. अकरा दिवसांत जे तोंडातून निघालं नाही ते दीड तासात निघेल, असं काही बाईंना वाटत नव्हतं.

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत. गाड्यांची चाकं काढायची, बसवायची, पंक्चर जोडायचं, हा त्यांचा धंदा. पण साधा नट सोडवतानाही ते गिऱ्हाइकाला उभ्याउभ्या धडा देत. म्हणून टॅक्सीवाल्यांनी त्यांचं नाव पानामास्तर पाडलं आणि बायको आपोआप मास्तरीणबाई झाली. बाई शिकलेल्या सातवीपर्यंत. पहिल्यांदा कुणी तशी हाक मारली तेव्हा त्यांनी मागे वळून पाहिलं होतं, कुणाला बोलावतायत म्हणून.

मास्तरांचा धडा मात्र कुणी ऐकून घ्यावा असा होता. "जोर बैलाकडेही असतो," ते म्हणत. "नटाला माप लागतं." नटावर टोपीसारखं बसतं ते सॉकेट. आतून सहा कोनांचं असेल तर नटाच्या सहाही बाजू कवेत घेतं. बारा कोनांचं दिसायला देखणं आणि बसायला सोपं, पण ते नुसते कोपरे धरतं आणि नट अडून बसलेला असला की तेच कोपरे खाऊन टाकतं. म्हणून चाकाला सहा कोनांचंच. चाक जमिनीवर टेकलेलं असतानाच नट अर्धा वेढा सैल करायचा, जॅक नंतर. गंज असेल तर तेल सोडायचं आणि चहा पिऊन यायचं, नटाला विचार करायला वेळ द्यायचा. दांडा लांब घ्यायचा, पण त्यावर चढून नाचायचं नाही. हातोडी पेटीच्या तळाशी असते ती तळाशीच बरी.

आणि सगळ्यात मोठा धडा त्यांच्या हनुवटीवर होता. तरुणपणी बस डेपोत कामाला असताना योग्य मापाचा पाना आणायला वीस पावलं जायचा त्यांनी कंटाळा केला आणि हाताशी होता तो लावला. पाना सटकला, दांडा हनुवटीवर बसला, सहा टाके पडले. तेव्हापासून ते सांगत, "अगदी चुकीचं माप परवडलं, ते बसतच नाही. जवळपासचं माप वाईट. ते बसतं आणि मग दगा देतं."

बाईंच्या वडिलांनी मास्तरांना पहिल्यांदा पाहिलं तेही रस्त्याच्या कडेला, चाकाशी बसलेलं. वडिलांच्या टेम्पोचा एक नट निघत नव्हता. चार जण शिव्या देत दांड्यावर लोंबकळून दमले. हा पोरगा आला, नटावर तेल सोडलं आणि खुशाल बाजूला बसून राहिला. वीस मिनिटांनी नट हूं की चूं न करता निघाला. वडील घरी येऊन म्हणाले, "ज्याला घाई नाही त्याच्या घरी मुलगी सुखात राहते." ते खरंच ठरलं. फक्त मुरंब्याची बरणी घट्ट लावताना मास्तर, चाकाचे नट आळीपाळीने आवळावेत तशी, समोरासमोर बोटं दाबत पाच आकडे मोजायचे, तेवढं बाईंना सोसावं लागलं.

साठी उलटल्यावर मास्तरांना जवळचं दिसेना. चष्मा होता, पण खाली वाकलं की घामावरून घसरून तो टायरमध्ये पडायचा. सॉकेटांवर कोरलेले आकडे तर वापरून वापरून कधीच पुसले गेले होते. तेव्हा बाईंनी युक्ती काढली. लेक सासरी गेली ती नेलपॉलिशच्या बाटल्या मागे टाकून. सतरा मिलिमीटरच्या सॉकेटला गुलाबी पट्टा, एकोणीसला चंदेरी, एकवीसला लाल, बावीसला तपकिरी. धाकटे भाऊजी बघून म्हणाले, "वहिनी, दादाची पेटी नटूनथटून लग्नाला निघाली वाटतं." मास्तरांनी मात्र ती पेटी साऱ्या टॅक्सीवाल्यांना दाखवली.

महिन्याच्या शेवटच्या शनिवारी सॉकेटं घरी यायची. बाई त्यांचं ग्रीस काढायच्या, झिजलेला रंग थिनरने पुसायच्या आणि नवा लावायच्या. मास्तरांनी एकच नियम घातला होता. क्रीमच्या रिकाम्या डबीत प्रत्येक मापाचा एकेक नट दिलेला होता. आधी नट सॉकेटात घालून बघायचा, हलतो का पाहायचं, आणि मगच रंग लावायचा. सहा वर्षं बाईंनी हा नियम देवाच्या नामासारखा पाळला.

गेल्या महिन्यातल्या त्या शनिवारी मात्र वरच्या मजल्यावर सासू-सुनेचं जुंपलं. सॉकेटं पुसून जुन्या चादरीवर ओळीने मांडलेली होती, बाटली उघडून ठेवलेली होती. बाई ब्रश हातात घेऊनच जिन्यात गेल्या. प्रार्थनेला बसलं की दुखणारे गुडघे तिथे पाऊण तास उभं राहून अजिबात दुखले नाहीत. परत येताना घाईघाईत पाय चादरीत अडकला आणि सॉकेटं घरंगळली. एकवीस आणि बावीस यांच्यात फरक तो किती, नखाच्या कडेइतका. डबी कपाटात होती आणि कपाट दुसऱ्या खोलीत. स्वयंपाकाला उशीर झाला होता. बाईंनी डोळ्याने मापं लावली आणि रंग देऊन मोकळ्या झाल्या.

वीस पावलंसुद्धा नव्हती त्या कपाटापर्यंत.

त्यानंतरच्या बुधवारी सकाळी आठला बाई दुकानात डबा द्यायला गेल्या, तेव्हा स्टँडवरचा एक टॅक्सीवाला पुढचं चाक बसलेली गाडी कशीबशी ढकलत आला होता. गाडीत त्याची आई होती. तिच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन त्या दिवशी होतं, नऊला दवाखान्यात हजर व्हायचं होतं. आई दुकानाच्या बाकावर कपड्यांचं गाठोडं मांडीवर घेऊन बसली. "होईल ना हो वेळेत?" तिने बाईंना विचारलं.

"आमच्या ह्यांच्या हातून नट अडलाय असं अजून झालं नाही," बाई म्हणाल्या. हे वाक्य पुढे अकरा दिवस त्यांच्या घशात हाडकासारखं अडकून राहायचं होतं.

नट कुणीतरी हवेच्या बंदुकीने बेताल आवळलेले होते. मास्तरांनी लाल पट्ट्याचं सॉकेट काढलं, नटावर बसवलं, आणि मनगट जरा डावीउजवीकडे हलवलं. मग ते थांबले. कुणी हळू आवाजात काही सांगावं आणि आपण कान द्यावा, तशी मान तिरकी झाली. त्यांनी सॉकेट बाहेर काढलं, डोळ्यांजवळ नेऊन पट्टा बघितला, पुन्हा बसवलं, आणि लांब दांडा लावून जोर दिला. बाईंनी हे सगळं बघितलं. त्यांना वाटलं, चष्मा पुसायला हवा.

पहिला नट निघाला. दुसऱ्यावर सॉकेट करकरून फिरलं. तिसऱ्यावरही. मास्तर थांबले तोवर दोन्ही नटांचे कोपरे चघळलेल्या गोळीसारखे गुळगुळीत झाले होते. मग धाकटे भाऊजी आपल्या दुकानातून सगळं सामान घेऊन आले. ठोकाठोकी झाली, छिन्नी झाली, आणि चाक निघायला बारा वाजले. मधल्या वेळात मायलेक दुसरी टॅक्सी करून दवाखान्यात पोचले तर डॉक्टर पुढच्या ऑपरेशनला गेलेले. नवी तारीख महिन्यानंतरची मिळाली.

टॅक्सीवाला गाडी न्यायला आला तेव्हा स्टँडवरचे चार-पाच जण सोबत होते. तो ओरडला नाही. "मास्तर," तो म्हणाला, "आता असं करा, आईच्या आधी तुमचेच डोळे दाखवून घ्या. नंबर मी लावतो." दोघं-तिघं हसले. मास्तरांनी त्या सगळ्यांसमोर हात जोडले आणि म्हणाले, "चूक माझी आहे."

घरी येऊन ते भिंतीकडे तोंड करून पडले. बाईंना राहवेना. त्यांनी पेटी उघडली, कपाटातली डबी आणली आणि एकवीसचा नट लाल पट्ट्याच्या सॉकेटात टाकला. बापाच्या बुटात पोराचं पाऊल वाजावं तसा तो आत खडखडला.

त्या वेळी हाक मारायची होती. दोन खोल्यांच्या मध्ये नुसता पडदा होता. बाईंनी हाक मारली नाही. थिनरची बाटली काढली, दोन्ही पट्टे पुसले, लाल एकवीसला लावला, तपकिरी बावीसला. दहा मिनिटांचं काम. मग हात धुतले, प्रार्थनेला बसल्या आणि देवाला सांगितलं की मी सगळं नीट केलं आहे. देवाला सांगताना आवाज इतका खाली का आला, हे त्यांनी स्वतःला विचारलं नाही.

पाप झाकायला गेलं की ते दुप्पट होतं, हे त्यांना दुसऱ्याच दिवशी कळलं. मास्तर दुकानातून दुपारीच परत आले. त्याच मापाच्या नटांची गाडी आली होती. लाल पट्ट्याचं सॉकेट लावलं तर घट्ट बसलं. काढून लावलं, तरी घट्ट.

"काल हाताला हलल्यासारखं लागलं, आज लागत नाही," ते पाण्याचा पेला धरून म्हणाले. "नट तसलाच. सॉकेट तेच. मग बिघडलं काय? मीच ना."

"काहीतरीच," बाई म्हणाल्या. "दमला असाल."

तेवढंच बोलल्या. त्या 'काहीतरीच'च्या मागे खरं सांगायला किती जागा होती! पण बाईंनी त्यांच्या हातातला पेला घेतला आणि विसळायला नेला.

त्यानंतर मास्तर साध्यासाध्या गोष्टींना बिचकू लागले. नळ बंद केला की पुन्हा जाऊन बघायचे. कडी लावली की ओढून बघायचे. बरणीचं झाकण बाईंपुढे करायचे, "तूच लाव." दुकानात गाडी आली की ते तिला धाकट्याकडे पाठवायचे. ज्या धाकट्याच्या हवेच्या बंदुकीला ते आजवर 'आंधळी कोशिंबीर' म्हणत, त्याच्याचकडे. नवव्या दिवशी त्यांनी त्याला निरोप धाडला, रविवारी पाचला ये, किल्ली घेऊन जा.

बाई रोज पहाटे प्रार्थनेत घासाघीस करत होत्या. देवा, त्यांना कळू दे, पण माझ्या तोंडून नको. त्यांना तूच स्वप्नात येऊन सांग. नाहीतर मला ताप आण, तापाच्या भरात माझ्याकडून बोलून घे. देवाने ताप आणला नाही. उलट त्या दिवसांत बाईंची तब्येत ठणठणीत राहिली, भूकही चांगली लागली, आणि त्याचीही त्यांना लाज वाटली.

"झाला का शर्ट?"

मास्तर हत्यारांची पेटी घेऊन आत आले आणि ती त्यांनी टेबलाच्या मोकळ्या कोपऱ्यावर ठेवली. बाईंनी इस्त्री उभी केली.

"होतोय. एक बाही राहिली."

"सावकाश कर. धाकटा कधी वेळेवर आलाय?" त्यांनी पेटी उघडली. "ही पण त्याच्याबरोबर देऊन टाकतो. त्याला नको असली तर भंगारात घालेल. माझ्या डोळ्यांसमोर नको." मग पेटीत हात घालून त्यांनी एक सॉकेट काढलं, सदऱ्याच्या टोकाने पुसलं आणि बाईंच्या हातात दिलं. लाल पट्ट्याचं. "हे मात्र तू ठेव. तुझ्या हातची खूण आहे. वर्तमानपत्रावर ठेवायला होईल, वाऱ्याने उडत नाही मग."

बाईंच्या तळहातावर ते जड झालं.

"मला नको हे."

"का? देवापुढे ठेव असं थोडंच म्हणतोय."

"अहो, त्या दिवशी लाल पट्टा ह्याच्यावर नव्हता."

मास्तर पेटी आवरत होते. "कुठल्या दिवशी?"

"टॅक्सीवाल्याची आई आली होती त्या दिवशी. लाल पट्टा बावीसच्यावर होता. मीच लावलेला. डबीतला नट घालून बघितला नाही. संध्याकाळी बघितला तर तो हलत होता. मग मीच पट्टे पुसले आणि बदलले. तुम्ही आत पडला होतात, तेव्हा."

मास्तर खाली बसले. बसायला खुर्ची होती, पण ते खाटेच्या कडेवर बसले, पाहुण्यासारखे. बाई ज्या प्रश्नाला भीत होत्या तो त्यांनी विचारलाच नाही.

"म्हणजे हलत होतं?"

"हो."

"खरंच हलत होतं?"

"बावीसचं होतं ते. हलणारच."

मास्तरांनी उजवा हात पालथा-उताणा करून बघितला. "हाताला कळलं होतं मला. हात सांगत होता, हे माप नव्हे. मग मी पट्टा बघितला. म्हटलं, ही बाई नट घालून बघितल्याशिवाय रंग लावत नाही. म्हणजे हातच खोटं बोलतोय."

ते चिडून बोलले असते तर बाईंना सोपं गेलं असतं. हे त्यांनी नुसतं सांगितलं, हिशेब जुळावा तसं. बाईंनी शर्टाची राहिलेली बाही मुठीत धरली.

चिडले ते नंतर. "अकरा दिवस," ते म्हणाले.

"हो."

"अकरा दिवस मी बरणीचं झाकण लावायला घाबरतोय आणि तू समोर बसून चहा गाळतेयस. साखर किती घालू, विचारतेयस."

बाईंनी मुठीतली बाही सोडून दिली.

"डबीतला नट का नाही घातलास? सहा वर्षं घातलास ना?"

"वरचं भांडण ऐकत जिन्यात उभी राहिले होते. उशीर झाला." हे शेवटचं राहिलं होतं, तेही बाहेर आलं.

"सासू-सुनेचं?"

"हो."

"कोण जिंकलं?"

बाईंनी दचकून वर बघितलं. मास्तर हसत नव्हते. त्यांना खरंच उत्तर हवं होतं की काय, देव जाणे.

"सून."

"हं." ते उठले. "डबी आण."

त्यांनी चष्मा काढून खिशात ठेवला, डोळे मिटले आणि हात पुढे केला. बाई सॉकेट देत गेल्या, नट देत गेल्या, मुद्दाम उलटसुलट, आणि मास्तर मनगट हलवून मान तिरकी करत राहिले. "एकोणीसात एकोणीस. हं. हे बावीसमध्ये एकवीस, हलतंय. हे बरोबर. हे आपलं नव्हे, बारा कोनी आहे, धाकट्याचं. त्या दिवशी विसरून गेला असेल, देऊन टाक." एकदाही चुकले नाहीत. शेवटचा नट त्यांनी बराच वेळ सॉकेटात फिरवला आणि मग डोळे उघडले. डोळे ओले होते. बाईंनी बघितलं न बघितलंसं केलं. ते पुसायला जायचा आज आपल्याला हक्क नाही, असं त्यांना वाटलं.

भाऊजी सव्वापाचला आले. नवा शर्ट, केस चापूनचोपून बसवलेले.

"दादा, अजून तयार नाही? शर्ट कुठाय?"

"शर्ट राहू दे. किल्लीही राहू दे."

"अरे, म्हणजे काय? मी बोर्ड रंगवणाऱ्याला सांगून आलो."

"त्याला म्हणावं, तुझाच बोर्ड रंगव. नेलपॉलिशने रंगवायचा असेल तर तुझी वहिनी रंगवेल, पण माप तपासून घे."

भाऊजींना काही कळलं नाही. ते वहिनीकडे बघू लागले. बाईंनी मान खाली न घालता सांगितलं, "भाऊजी, ते नट माझ्यामुळे गेले. खुणा मी चुकवल्या होत्या." आणि दिराच्या तोंडावरचं हसू मावळताना त्यांनी नीट पाहिलं. हे पाहणंही शिक्षेतलंच होतं.

चहा न घेताच भाऊजी गेले. बारा कोनी सॉकेट मात्र खिशात टाकून गेले.

मास्तर पेटीत एकेक सॉकेट जागच्या जागी ठेवत होते. पाठमोरेच म्हणाले, "मी हात जोडले होते. पाच जणांसमोर."

"मी तिथेच होते."

"त्याच्या आईला अजून धड दिसत नाही. भिंत धरून चालते म्हणे."

"हो."

"मी येणार नाही तुझ्याबरोबर."

"मी म्हटलंच नाही."

"जाताना लाल आणि तपकिरी दोन्ही घेऊन जा. आणि एकवीसचा नट. नुसतं सांगून त्या लोकांना कळायचं नाही, हलवून दाखव." त्यांनी पेटीचं झाकण लावलं, आणि बाईंपुढे न करता स्वतःच खिटी दाबली. "सहाला गाड्या धुवायला सगळे स्टँडवर असतात."

बाईंनी इस्त्रीची पिन काढली. शर्टाची डावी बाही तशीच चुरगळलेली राहिली. त्यांनी दोन्ही सॉकेटं आणि नट रुमालात बांधून पिशवीत टाकले आणि पायात चपला सरकवल्या. आधी स्टँडवर जाऊन टॅक्सीवाल्याला सगळ्यांसमोर सांगायचं होतं, आणि तिथून त्याच्या आईकडे जायचं होतं.